दिल्लीची सिंधुबंदी

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या मोजून दाखविल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, या समजुतीने एका दर्यावर्दी समाजाला किनाऱ्यावर बसवून ठेवले आणि मोकळ्या पडलेल्या त्याच दर्यावरून परकीय व्यापारी घरात शिरले. समाजाने ती बेडी केव्हाच तोडली. दिल्लीच्या सचिवालयातून मात्र ती अद्याप पुरती निघालेली नाही. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र धोरणाने वाघा आणि नथू-ला यांच्याकडे जितके डोळे लावले, त्याच्या दशांशानेही पोर्ट लुई, व्हिक्टोरिया किंवा माले यांच्याकडे लावले नाहीत.

१९८१ मध्ये इंदिरा गांधी सेशेल्सला जाऊन आल्या. त्यानंतर भारतीय पंतप्रधानांचे पाऊल त्या बेटांवर पडले ते थेट मार्च २०१५ मध्ये, नरेंद्र मोदी यांच्या रूपाने. मध्ये ३४ वर्षे गेली. हाकेच्या अंतरावरील श्रीलंकेलाही १९८७ नंतर द्विपक्षीय दौऱ्यासाठी २८ वर्षे वाट पाहावी लागली. या काळात दिल्लीत अलिप्ततावादावर परिसंवाद झडत होते आणि जगाला शांततेचे धडे दिले जात होते. शेजारच्या बेटांना तांदूळ कोठून मिळतो आणि त्यांची बंदरे कोण बांधतो, याची चौकशी करण्यास कोणाला सवड नव्हती.

हिंदी महासागराच्या काठावरील राष्ट्रांनी एकत्र यावे, ही कल्पना १९९५ मध्ये दिल्लीत आलेल्या नेल्सन मंडेला यांनी बोलून दाखविली. मार्च १९९७ मध्ये मॉरिशसला तशी संघटना उभीही राहिली. भारत तिचा संस्थापक सदस्य. आज तिची सदस्यसंख्या २३ आहे, सचिवालय आहे, कृतिगट आहेत. नाही तो सर्व सदस्यांमधील व्यापार सवलतींचा करार. कोमोरोसपासून ऑस्ट्रेलियापर्यंतची विषम आकाराची राष्ट्रे, सर्वसहमतीची अट आणि वादाचे द्विपक्षीय प्रश्न चर्चेतून बाद, अशी तिची घडण आहे. अशा संघटनेला वजन द्यायचे ते तिच्यातील मोठ्या राष्ट्राने. ते राष्ट्र भारत होते आणि भारत स्वस्थ बसला. बंगालच्या उपसागराची कथाही वेगळी नाही. त्याच वर्षी जन्मलेल्या बिमस्टेकने मुक्त व्यापाराच्या आराखड्यावर २००४ मध्ये स्वाक्षऱ्या केल्या. तो करार अजूनही झालेला नाही. कायमचे सचिवालय मिळण्यासच २०१४ साल उजाडले.

मॉरिशसचे उदाहरण सर्वांत बोचणारे आहे. या देशाने आपला स्वातंत्र्यदिन दांडीयात्रेच्या स्मरणार्थ १२ मार्च हा निवडला. कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आजही गणपती बसवितात आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. अशा देशाशी आर्थिक सहकार्य कराराची बोलणी भारताने २००५ च्या सुमारास सुरू केली; करारावर सही झाली फेब्रुवारी २०२१ मध्ये. चीनने ऑक्टोबर २०१९ मध्येच सही उरकली होती. चीनचा करार १ जानेवारी २०२१ रोजी लागू झाला, भारताचा १ एप्रिलला. दरम्यानच्या वर्षांत दिल्लीच्या बाबूंना आणि मुंबईच्या शेअर बाजाराला मॉरिशस ठाऊक होते ते कर वाचविण्याची वाट म्हणून! रक्ताच्या नात्याचे गोडवे गावेत, ते खरेही आहेत. पण त्या नात्याने मालवाहू जहाजाचे भाडे भरले जात नाही.

आपल्याकडील पुरोगामी मंडळी यावर ठरलेले उत्तर देतात: छोटी राष्ट्रे भारताच्या दादागिरीला भितात. कोणती दादागिरी? १९८८ मध्ये भाडोत्री बंडखोरांनी मालेचा ताबा घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा भारतीय सैन्य गेले आणि काम होताच परतले. २०१४ मध्ये माले शहर पिण्याच्या पाण्यावाचून तडफडले, तेव्हा विमानांनी व जहाजांनी पाणी पोहोचविले ते भारताने. २०२२ मध्ये श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत भारताची होती. यापैकी कशाच्याही बदल्यात भारताने ९९ वर्षांच्या पट्ट्याने बंदर लिहून घेतले नाही. ते २०१७ मध्ये हंबनटोटा येथे चिनी कंपनीने घेतले. हा प्रकल्प आधी भारतालाच देऊ केला होता, असे महिंदा राजपक्ष यांनी स्वतः सांगितले आहे.

तथापि दोष केवळ विरोधकांच्या माथी मारून भागणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांविषयी असभ्य उद्गार काढले, तेव्हा राष्ट्रप्रेमी म्हणविणाऱ्यांनीही बहिष्काराच्या आरोळ्या ठोकल्या. संताप रास्त होता, परंतु बहिष्कार हे धोरण नव्हे. सरकारने त्या वेळी अधिक शहाणपणा दाखविला. १९८१ च्या व्यापार करारानुसार मालदीवला बटाटे, कांदे, अंडी, तांदूळ, साखर, एवढेच काय, घरे बांधण्यासाठी नदीची वाळूही भारतातून जाते. एप्रिल २०२४ मध्ये, संबंध ताणलेले असताना, हा कोटा त्या करारानंतरच्या सर्वोच्च पातळीवर नेण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ‘इंडिया आउट’च्या घोषणेवर निवडून आलेले मुइझ्झू दिल्लीत आले आणि चलन अदलाबदलीचा करार घेऊन परतले.

सेशेल्समध्ये नेमके उलटे घडले. असम्पशन बेटावर लष्करी सुविधा उभारण्याचा करार २०१५ मध्ये झाला, २०१८ मध्ये सुधारून पुन्हा झाला. तेथील संसदेने त्याला मान्यता दिलीच नाही. व्यापाराच्या आधी युद्धनौका दिसली की स्वाभिमानी लहान राष्ट्र बिचकते, हे छत्रपतींच्या आरमाराचा वारसा सांगणाऱ्या देशाला कळावयास हवे होते. त्या आरमाराला मीठ-नारळाचा व्यापारही राखावयाचा होता.

दर्यावर रोज दिसते ती मालवाहू बोट. तुतिकोरीन व कोचीहून मालदीवला थेट मालवाहू सेवा सुरू होण्यास सप्टेंबर २०२० उजाडावा लागला. नागपट्टणम ते कांकेसंतुराई हा चिंचोळा पट्टा प्रवासी बोटीने पुन्हा जोडला गेला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. २०१५ मध्ये मॉरिशसच्या भूमीवर ‘सागर’ आणि २०२५ मध्ये त्याच भूमीवर ‘महासागर’ अशी धोरणे घोषित झाली. दिशा योग्य आहे. पंतप्रधानांनी बेडीवर घाव घातला आहे. प्रश्न उरतो तो फायलींच्या गतीचा. चीन व मालदीव यांचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. भारताशी तशाच कराराची बोलणी जुलै २०२५ मध्ये जाहीर झाली. मॉरिशसच्या वेळी लागली तितकीच वर्षे याही वेळी लागणार असतील, तर त्या कराराला २०४१ साल उजाडेल.