‘गॅस’ आणि ‘सब्र’

माझ्या पोटावर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत एक उभा व्रण आहे. त्याच रेषेवर मला दोनदा चिरलं आहे. पहिल्यांदा अपेंडिक्स आतल्या आत फुटलं म्हणून. दुसऱ्यांदा, त्या पहिल्या ऑपरेशननं मागे जे ठेवलं त्यामुळे. आतापर्यंत पाच वेळा माझं आतडं अडकलं आहे. या वर्षांत सगळ्यात जास्त ऐकलेले शब्द दोन. मेडिकलवर आणि स्टाफरूममध्ये ‘गॅस’, घरात आणि मोहल्ल्यात ‘सब्र’. या दोन शब्दांनी मिळून माझा जीव घेत आणला होता, म्हणून आज त्यांच्याशी भांडायचं आहे.

आधी दुखणं काय ते सांगते. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर आतल्या जखमा भरताना चिकट पट्टे तयार होतात. आतड्याची वळणं एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींचं आतडं मात्र अशा पट्ट्याखाली दुमडतं, आवळलं जातं, आणि अन्न, पाणी, हवा सगळं तिथंच तुंबतं. मग बेंबीभोवती लाटेसारख्या कळा येतात. पोट फुगतं. उलट्या होतात, आधी अन्नाच्या, मग हिरव्या. गॅस सरणं बंद होतं. फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला एकदोनदा शौचाला होऊही शकतं, कारण अडथळ्याच्या पुढचं बाहेर पडतं. घरचे म्हणतात, ‘बघ, पोट साफ झालं.’ आणि निर्धास्त होतात.

पहिल्या ऑपरेशननंतर मला जे डिस्चार्ज कार्ड मिळालं, त्यावर टाके कधी काढायचे, जड उचलायचं नाही, आठ दिवसांनी दाखवायला यायचं, एवढंच होतं. चिकट पट्ट्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा आतडं अडकलं तेव्हा दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘आधी पोटाचं ऑपरेशन झालंय का? मग हे होऊ शकतं, सांगितलं नव्हतं का कुणी?’ नव्हतं सांगितलं.

पट्टे होतात ही सर्जनची चूक नाही, हे मी स्वच्छ मान्य करते. त्या माणसानं माझा जीव वाचवला. माझी तक्रार त्याच्या हाताबद्दल नाही, त्याच्या गप्प बसण्याबद्दल आहे. ‘पेशंटला कशाला घाबरवायचं?’ असं एका डॉक्टरांनी मला नंतर ऐकवलं. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं उघडं ऑपरेशन झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला गेला. १९९९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. साधारण तिघांतल्या एकाला पट्ट्यांशी थेट किंवा कदाचित संबंध असलेल्या कारणासाठी, किंवा ज्यात हे पट्टे अडचण करतील अशा नव्या ऑपरेशनसाठी, सरासरी दोनदा पुन्हा भरती व्हावं लागलं. नक्की पट्ट्यांमुळेच झालेल्या भरती त्यातल्या शंभरात सहाच्या आसपास होत्या, हेही सांगते, कारण आकडा फुगवून मला भांडण जिंकायचं नाही. पण एवढ्यानंही हा धोका ‘सांगण्यासारखा नाही’ असं कसं म्हणायचं? समीरा कोहली खटल्यात २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संमती घेताना रुग्णाला महत्त्वाच्या धोक्यांची माहिती दिलीच पाहिजे, अगदी दूरच्या शक्यता मोजून दाखवण्याची गरज नाही. दहा वर्षं पाठ न सोडणारी गोष्ट दूरची नव्हे. माझं अपेंडिक्स फुटलेलं होतं, तेव्हा बोलायला वेळ नव्हता. पण त्यानंतर मी आठ दिवस त्याच वॉर्डात पडून होते. एक वाक्य सांगायला आठ दिवस कमी नव्हते.

आता दुसरा शब्द. त्याच्याशी भांडताना मला जास्त त्रास होतो, कारण तो माझ्या माणसांचा आहे.

चौथ्यांदा आतडं अडकलं ते रमजानमध्ये. सर्जननी मला रोजा मना केला होता. दिवसभर पाणी नाही आणि मगरिबला भरलेलं ताट, हे तुमच्या आतड्याला झेपणारं नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं मी ऐकलं. पण दोन वर्षं विचारणाही ऐकली. ‘बाजी, दिखने को तो अच्छी-खासी हो.’ ‘टीचर, आज भी नहीं?’ बाईमाणसाला तर रोजा का नाही याची कारणं मनात मोजणारे लोकही असतात. तिसऱ्या वर्षी मी कंटाळून रोजा धरला. अल्लाहसाठी नाही, लोकांसाठी. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते असं आहे.

इफ्तारला खजूर, चणे, भजी, वरून कलिंगड. रात्री कळा सुरू झाल्या. मेडिकलवरून गॅसची पावडर आली. सकाळी शेजारच्या खालांनी मायेनं एरंडेल पाजलं. अडकलेल्या आतड्यावर जुलाबाचं औषध म्हणजे बंद दारावर मागून धक्के, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक असूनही मी प्यायले. सासूबाई उशाशी बसून तसबीह फिरवत होत्या. ‘सब्र कर बेटा, मुबारक महीना है.’ मी सब्र केला. तीस तास केला. दवाखान्यात पोचले तेव्हा कळा थांबून एकसारखं दुखत होतं, ताप होता, नाडी धावत होती. पट्ट्यानं आवळलेलं आतडं काळं पडलं होतं. दीड फूट कापून काढावं लागलं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. सब्र या शब्दाच्या मुळाशी स्वतःला धरून ठेवणं आहे, टिकून राहणं आहे. नाकातून नळी, घशात खवखव, तीन दिवस पाण्याचा घोट नाही, आणि सगळा वॉर्ड माझा गॅस कधी सरतो याची वाट बघतोय, तेव्हा मी जे केलं तो सब्र. अंथरुणात तोंडात पदर कोंबून पडले तो सब्र नव्हता. ती लोकांची भीती होती, आणि आपण तिला चांगलं नाव दिलं. आजारी माणसानं रोजे नंतर पुरे करावेत ही सवलत सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आहे. ज्याचा आजार हटणारच नाही त्याच्यासाठी फिदया आहे. ज्या सवलतीला अल्लाहनं पुरावा मागितला नाही, तिला मोहल्ला कोणत्या हक्कानं मागतो?

मराठीचीही एक गंमत सांगते. या भाषेत आतडं फार प्रेमळ आहे. आतड्याची माया, आतड्याचं माणूस, आतडं तुटतं, आतडं पिळवटतं. पण खरंच पिळवटलं की आपण ‘पोटदुखी’ म्हणतो आणि नजर खाली घालतो. माझ्या रजेच्या अर्जावर मुख्याध्यापक म्हणाले, ‘मॅडम, दर वेळी पोटदुखी? बाहेरचं खाणं कमी करा.’ मीच पोटदुखी लिहिलं होतं. पाचव्या वेळी ‘आतड्यात अडथळा’ असं स्पष्ट लिहिलं. कुणी हसलं नाही. त्या खेपेला मी तीन तासांत दवाखाना गाठला होता. नळीतून औषधी द्रव सोडून एक्स-रे काढले. तो चोवीस तासांत मोठ्या आतड्यात उतरला तर बहुधा चाकू टळतो. माझा उतरला. प्रत्येक नवं ऑपरेशन नवे पट्टे मागे ठेवतं, त्यामुळे टळलेला चाकू म्हणजे केवढी कमाई, हे आमच्यासारख्यांनाच कळतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सर्जननी डिस्चार्ज कार्डावर रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत एक ओळ लिहावी: पोटात कळा, उलट्या आणि गॅस बंद झाला, तर काही खाऊ-पिऊ नका, जुलाबाचं औषध घेऊ नका, लगेच या. मेडिकलवाल्यानं गॅसची पावडर देण्याआधी विचारावं, ‘पोटाचं ऑपरेशन झालंय का?’ आणि इमामसाहेबांनी रमजानच्या पहिल्या जुम्याला रोज्याच्या फजिलतीबरोबर आजाऱ्याच्या सवलतीचंही बयान करावं, आणि कुणाला ‘रोजा है क्या?’ असं विचारणं थांबवायला सांगावं.

ती ओळ मी स्वतःच मराठीत आणि उर्दूत लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे. सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, उर्दू येतं. गेल्या खेपेला मी अजून पोट धरून ‘बघू थोडा वेळ’ म्हणत होते, तेव्हा त्यांनीच कपाट उघडलं, ती ओळ मोठ्यानं वाचली आणि नातवाला रिक्षा आणायला पाठवलं. त्या वेळी ‘सब्र कर’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘चप्पल पहन.’