अपघात मैदानात झाला, म्हणून तो लहान ठरत नाही

मागच्या लग्नसराईत आमच्या वस्तीतल्या एक काकू नात्यातल्या मंगल परिणयाला गेल्या. ओळखीच्यांची गाडी, मागच्या सीटवर चौघीजणी. रस्ताभर काही झाले नाही. लॉनच्या आवारात शिरल्यावर पार्किंगमधून वेगात निघालेल्या दुसऱ्या गाडीने डाव्या दारावर धडक दिली. दाराशी काकू बसल्या होत्या. रक्त नाही, काच फुटली नाही. चार माणसे जमली, "मंगल कार्यात पोलीस कशाला" म्हणाली आणि दाराच्या पत्र्याचे पैसे ठरले. पत्र्याचा हिशेब झाला, काकूंच्या बरगड्यांची चौकशी कोणी केली नाही.

रात्री पोट आणि डावा खांदा दुखू लागला. घरच्यांनी गॅसची गोळी दिली. पहाटे घाम फुटला, उभे राहवेना. दवाखान्यात कळले की डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, म्हणजे पाणथरी, फाटून पोटात रक्त साचले आहे. ऑपरेशन झाले, काकू वाचल्या. पण पोलिसांच्या भीतीने घरच्यांनी केस पेपरवर "पायरीवरून पडल्या" असे लिहून घेतले होते. आज कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि हातात अपघाताचा एकही कागद नाही.

अनेक वर्षे वॉर्डात काम करून आणि आता वस्त्यांमध्ये फिरून आमचे मत पक्के झाले आहे. रस्त्यावरच्या अपघाताला आपण अपघात मानतो. लॉन, सोसायटीचे पार्किंग, कारखान्याचे आवार, शेतातली वाट इथे झालेल्या धडकेला मात्र "किरकोळ" म्हणून आपसात मिटवतो. ही समजूत आपल्याच माणसांना महागात पडते, कारण अशा गाडीत आपण बहुधा प्रवासी असतो. गाडी दुसऱ्याची, चालवणारा दुसरा आणि बोलणी करणाराही दुसराच.

शरीराला जागा कळत नाही, वेग कळतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तर पट्टा नसलेला माणूस जवळजवळ साडेअकरा फुटांवरून पडल्यासारखा पुढे आदळतो. मांडीवरचे मूल त्या वेळी हातात धरून ठेवता येत नाही. म्हणून गेटच्या आत आलो की पट्टा सोडायचा, ही सवय मोडली पाहिजे. पट्टा गाडी थांबल्यावरच सोडा, मागच्या सीटवरही.

धडक बसली की पैशाचे बोलणे नंतर, आधी माणूस बघा. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर आगीसारखा धोका नसताना ओढून बाहेर काढू नका. १०८ ला फोन करा. उलट्या, गुंगी, श्वासाला त्रास, पोट कडक होणे, घाम येऊन चक्कर, खांद्यात कळ यांपैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठा. बाई गरोदर असेल तर काही दुखत नसले तरी दाखवाच. तातडीचे उपचार आधी, पोलिसांचे कागद नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

डॉक्टरांना खरे सांगा. "गाडीत बसलो होतो, अमुक ठिकाणी धडक बसली" हे वाक्य केस पेपरवर यायला हवे आणि एम.एल.सी. नोंदवायला सांगावी. दोन्ही गाड्यांचे नंबर आणि जागेचा फोटो मोबाईलवर घ्या.

"आवार खाजगी आहे, केस होत नाही" असे सांगून पुष्कळांना परत पाठवले जाते. हे खरे नाही. लोकांना जिथे जाता येते, मग ते परवानगीने का असेना, ती जागा मोटार वाहन कायद्यासाठी सार्वजनिक धरावी, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये दिला आहे. भारतीय न्याय संहितेतले कलम २८१ सार्वजनिक मार्गासाठी असले, तरी निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचे कलम १२५ जागा विचारत नाही. मात्र नुकसानभरपाईच्या अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून थांबू नका. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

गाडीत बसण्यापूर्वी विम्याचेही विचारा. खाजगी गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर त्याच गाडीत बसलेल्या पाहुण्याला त्यातून भरपाई मिळत नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाडे देऊन नेली, तर विमा कंपनी हमखास अडवते. लग्नाला गाडी ठरवताना भाड्याचे दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा पिवळ्या पाटीची गाडी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही जण म्हणतील, नात्यात आणि ओळखीत कशाला भांडण? खरे लिहून घेणे म्हणजे भांडण नाही. काकूंच्या घरच्यांनी त्या रात्री नाते जपले. हप्ते मात्र त्यांचे ते एकटेच भरत आहेत.