वालधुनीला नाला ठरवले कोणी?

वालधुनी ही नदी आहे. हे अग्रलेखात लिहून सांगावे लागते, याचीच आम्हाला चीड आहे! अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात ती उगम पावते. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत कल्याणला खाडीत उतरते. सारा प्रवास जेमतेम तीसेक किलोमीटरचा. धडधाकट माणूस काठाकाठाने दोन दिवसांत चालून जाईल. पण काठ ठेवलाय कुठे?

काकोळ्याला इंग्रजांच्या काळात जीआयपी रेल्वेने इंजिनांसाठी याच पाण्यावर धरण बांधले. तेच पाणी शुद्ध होऊन आज ‘रेल नीर’च्या बाटलीत भरले जाते. ती बाटली हातात घेऊन आपण कर्जत लोकलमध्ये बसतो आणि विठ्ठलवाडी आली की त्याच नदीच्या वासाने नाकाला रुमाल लावतो. धरणापासून थोडे खाली या. शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, शिलाहारांनी अंबरनाथचे शिवमंदिर उभारले ते याच काठावर. त्या घडीव काळ्या दगडांशेजारून आज प्लास्टिक आणि मैला वाहतो. पुढे उल्हासनगरात पाण्याला जीन्स धुण्याच्या कारखान्यांचा निळा रंग चढतो. आज निळे, उद्या तांबूस. पाण्याचा मूळ रंग तिथल्या पोरांना ठाऊकच नाही.

2014 च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरच्या वडोल गाव परिसरात एका टँकरने नदीत रसायन ओतले. झोपेतली माणसे गुदमरून उठली, शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. माणसे मारण्याची तयारी याहून वेगळी काय असते? पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधींचा दंड ठोठावला. दंड झाला, बातम्या झाल्या, पाणी काळेच राहिले!

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे: नाला. नदी म्हटली की पूररेषा आली, काठ आला, भराव टाकणाऱ्याला जाब आला. नाला म्हटला की दरवर्षी मे महिन्यात पोकलेन लावून गाळ उपसला, बिल काढले, विषय संपला. नाल्याला भिंती घालता येतात, त्याचे पात्र दोन्ही बाजूंनी खाऊन इमारती चढवता येतात. हा शब्द अज्ञानातून रुजलेला नाही. त्यावर पैसा कमावला गेला आहे.

पण डोंगराला आणि समुद्राला हा शब्द कळत नाही. नदी आखूड आहे, म्हणून माथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत कल्याणात येऊन धडकतो. तेव्हा खाडीला भरती असेल तर पुढे वाट बंद. अशा नदीला पसरायला जागा हवीच. आपण ती विकून बसलो. 26 जुलै 2005 ला वालधुनीने ती जागा परत घेतली. काठच्या वस्त्यांत घरांतली भांडी तरंगत होती, माणसे पत्र्यांवर चढून रात्र काढत होती. विकणारे मात्र कोरड्या मजल्यांवर होते.

आमची मागणी स्पष्ट आहे. काकोळ्यापासून खाडीपर्यंत पूररेषेचे दगड रोवा. तिच्या आतल्या भरावांना परवानगी देणाऱ्या सह्या जाहीर करा. पहाटेच्या अंधारात पुलांवर येणारे टँकर अडवा, आणि चालकाबरोबर ज्या कारखान्याचा माल आहे त्याच्या मालकालाही बेड्या घाला. हे पुढच्या जूनच्या आत झाले पाहिजे!