कुरणाची पेरणी आणि अंदाजपत्रकाचे वर्ष

नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला रस्त्यावर बसलेली, कचराकुंडीत तोंड घालणारी गुरे प्रथम खटकतात. वर्ष-दोन वर्षांत त्यांची सवय होऊन जाते. गुरे पकडावीत, गोशाळेत पाठवावीत, मालकांस दंड करावा, असे उपाय आपण सुचवतो. या गुरांची चरण्याची जमीन कोठे गेली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आपल्याकडे जे गायरान, ते या भागात गोचर. दिल्लीलगतच्या गुरुग्राम, फरीदाबाद, नूह या जिल्ह्यांत गावाच्या सामाईक जमिनीस ‘शामलात’ म्हणतात. 1961च्या कायद्यान्वये तिचा कारभार पंचायतीकडे आहे. लागवडीयोग्य शामलात लिलावाने पट्ट्यावर दिली की पंचायतीस उत्पन्न मिळते; गवताला जमाखर्चात रकानाच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात, गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. परंतु अतिक्रमण हटले म्हणजे कुरण झाले, असे नव्हे. मोकळ्या सोडलेल्या जागेवर विलायती बाभूळ माजते आणि तिच्याखाली गवत फारसे तग धरत नाही.

कुरण तयार करावे लागते, आणि त्याचे वेळापत्रक निसर्गाने ठरवलेले आहे. बाभूळ मुळासकट काढणे, उताराला आडव्या सऱ्या पाडणे, ढेकळे फोडणे ही कामे मे-जूनमध्ये संपायला हवीत. कारण दिल्लीत पाऊस जूनअखेरीस येतो. अंजन गवताचे बी कुसळ्यांचे आणि हलके, वाऱ्याने उडते. म्हणून माती व शेणात कालवून त्याच्या गोळ्या करतात आणि जेमतेम सेंटिमीटरभर खोल पेरतात. खोल गेले तर उगवत नाही. शिवाय ताजे बी सुप्तावस्थेत असते; मागील हंगामाचे, साठवलेले बी चांगले उगवते. जोडीला स्टायलोसारखे द्विदल गवत पेरायचे, तर त्याचे कठीण कवच गरम पाण्याने मऊ करून घ्यावे लागते.

आता हे आपल्या आर्थिक वर्षाशी ताडून पाहा. बी आदल्या वर्षी घेऊन ठेवायचे, पेरणी पुढच्या वर्षी करायची, आणि पहिल्या वर्षी जनावर आत सोडायचे नाही, कारण ठोंब मुळासकट उपटले जातात. म्हणजे निष्पत्ती तिसऱ्या वर्षी. आमचा निधी मात्र 31 मार्चला मरतो. एका कार्यालयातील फाईल मला आजही आठवते: मंजुरी ऑगस्टमध्ये, बियाणे सप्टेंबरमध्ये, खर्च मार्चपूर्वी शंभर टक्के. गवत उगवले नाही. पण फाईलमध्ये त्रुटी कोणतीच नव्हती.

याहून अवघड प्रश्न पहिल्या वर्षीच्या बंदीचा. ज्याच्याकडे चार एकर आहेत तो बांधावरचे गवत कापेल. ज्याच्याकडे केवळ पाच शेळ्या आहेत त्याने वर्षभर कोठे जावे? त्याची सोय न करता घातलेले कुंपण रातोरात तुटते आणि मग आपण ‘लोकसहभागाचा अभाव’ असा शेरा लिहितो. हिवरे बाजारात चराईबंदी टिकली, कारण ती ग्रामसभेने स्वतः घातली आणि गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली.

म्हणून माझे मत असे, की कुरणाचा प्रस्ताव तीन वर्षांचा, एकाच मंजुरीचा असावा; आणि नांगराआधी ग्रामसभेचा ठराव व्हावा, ज्यात कापणीचा पहिला हक्क भूमिहीन पशुपालकाचा असेल. हे झाले नाही तर बियाणे कितीही उत्तम असो, ते वाया जाईल.

आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावी सात-बारावर गायरान अजून शिल्लक असेल. सुट्टीत गावी गेल्यावर त्याचा गट क्रमांक तलाठ्याकडे अवश्य विचारावा आणि तेथे आज काय उगवते आहे, ते स्वतः जाऊन पाहावे.