आम्हाला एकदा तरी विचारा

प्रति,
संपादक,



परदेशातून कायमचे परत येणाऱ्यांविषयी आपल्या अंकात गेले काही आठवडे पत्रे येत आहेत. एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिले आहे की, ज्यांनी स्वखुशीने देश सोडला त्यांनी परत आल्यावर हक्कांची भाषा बोलू नये. हा निर्णय स्वतः घेणाऱ्यांविषयी त्यांचे म्हणणे मला बरेचसे पटते. पण या चर्चेत आमच्यासारख्यांचा उल्लेखच नाही, म्हणून हे पत्र.

मी देश सोडला तेव्हा आठ वर्षांची होते. 1994 चा जून. तिसरीची नवी पुस्तके आणून आजीने त्यांना खाकी कव्हरे घातली होती. ती वर्गात उघडलीच गेली नाहीत. वाईहून मुंबई, तिथून विमान, आणि मग न्यू जर्सीतल्या एडिसनची शाळा. आठ वर्षांनी, 2002 मध्ये, बाबांनी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. तिथे 27 फेब्रुवारी 2001 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, कायम वास्तव्याचा परवाना असलेले अठरा वर्षांखालील मूल आईवडिलांपैकी एक जण नागरिक झाल्यावर त्यांच्याजवळ राहत असेल, तर आपोआप अमेरिकन नागरिक होते. मी शपथ घेतली नाही, कुठे सही केली नाही. त्या दिवशी माझा रसायनशास्त्राचा पेपर होता. संध्याकाळी घरी आले तर आईने शिरा केला होता, तेव्हा मला कळले. कोपरा कापलेला माझा भारतीय पासपोर्ट अजून कपाटात आहे.

आपल्या नागरिकत्व कायद्याच्या (1955) कलम 9 नुसार, जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. ‘स्वेच्छेने’ हा शब्द कायद्यातच आहे. सोळा वर्षांच्या मुलीच्या पदरात वडिलांच्या शपथेमुळे पडलेले नागरिकत्व कोणाच्या स्वेच्छेचे? प्रत्यक्षात मात्र माझ्याकडे, आणि माझ्यासारख्या असंख्य मुलांकडे, परदेशी म्हणूनच पाहिले गेले.

कायदा करणाऱ्यांना हा प्रश्न सुचला नव्हता असे नाही. कलम 8 मध्ये तरतूद आहे: आईवडिलांनी रीतसर घोषणा करून नागरिकत्वाचा त्याग केला आणि त्यामुळे अज्ञान मुलाचेही नागरिकत्व गेले, तर सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत ते मूल साध्या घोषणेने नागरिकत्व परत मिळवू शकते. तरतूद चांगली आहे, पण तिचा उपयोग फारच थोड्यांना होतो. बहुतेक आईबाप आधी भारतात अशी घोषणा करतच नाहीत. ते तिथे शपथ घेतात आणि इथले नागरिकत्व कलम 9 खाली आपसूक संपते. अशा आईबापांच्या मुलांना कलम 8 चा लाभ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये स्पष्ट केले. न्यायालयापुढे जो कायदा होता त्याचा त्याने अर्थ लावला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती संसदेने ही फट अजून बुजवलेली नाही याबद्दल.

2013 मध्ये मी कायमची परत आले. वाईजवळच्या आमच्याच गावात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून दळण्याचे छोटे युनिट चालवते. गावातल्या सात बायकांना त्यातून काम मिळते. कर इथेच भरते, आजीचे शेवटचे आजारपण इथेच काढले. सुरुवातीला ‘कंटाळा आला की जाईल’ असे म्हणणाऱ्या काकूच आता माझ्या लग्नाची काळजी करतात. पण 20 नोव्हेंबर 2024 ला माझ्या युनिटमधल्या सगळ्या बायका बोटाला शाई लावून आल्या आणि मी हळकुंडे निवडत बसले होते. माझ्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. त्याच्या लांबलचक नावात ‘नागरिक’ हा शब्द आहे, मताचा अधिकार मात्र नाही. ग्रामसभा गावच्या मतदारांची असते. रस्त्याच्या आणि पाण्याच्या ठरावांना मी मागे बसून ऐकणारी पाहुणी. काकांना बांधालगतची वीस गुंठे जमीन मला द्यायची आहे, पण शेतजमीन आम्हा ओसीआय कार्डधारकांना वारसाहक्कानेच मिळू शकते. खरेदीने नाही आणि बक्षीसपत्रानेही नाही. म्हणजे काकांनी हयातीत, आपल्या हाताने दिलेली जमीन मी घेऊ शकत नाही.

‘मग अर्ज करा ना,’ असे सांगितले जाते. केला आहे. पूर्वी भारताचे नागरिक असलेल्यांना बारा महिने इथे राहिल्यावर नोंदणीने नागरिकत्व मागता येते, हे खरे आहे. पण ती मागणी आहे, हक्क नव्हे. मंजुरी सरकारच्या मर्जीवर असते. एका कार्यालयात माझ्याकडून तीन वेळा तीच कागदपत्रे घेतली गेली आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: ‘अमेरिकेचा पासपोर्ट सोडून इथलं कशाला घेताय?’ परत येण्याकडे संशयाने बघणाऱ्या या प्रश्नाचा मला पासपोर्ट गेल्यापेक्षा अधिक त्रास होतो.

मला दुहेरी नागरिकत्व नको आहे. आपल्या राज्यघटनेने ते नाकारले आहे आणि मला ते योग्य वाटते. एकच देश निवडायला मी तयार आहे. मला ती निवड करू द्या, एवढेच म्हणणे आहे. प्रामाणिकपणे सांगते, अठराव्या वर्षी विचारले असते तर मी काय उत्तर दिले असते ते आज सांगता येत नाही. तेव्हा मी कॉलेजच्या वसतिगृहात होते आणि मराठी बोलताना अडखळत होते. म्हणूनच सज्ञान झाल्यानंतरचे एक वर्षही मला अपुरे वाटते. ही मुदत निदान पंचविशीपर्यंत हवी. पंचविशी उलटून गेलेल्या, पण इथे येऊन पाच-दहा वर्षे राहिलेल्या माणसांना एकदाच अशी संधी द्यावी. आईबापांचे नागरिकत्व त्यागाने गेले की कलम 9 ने, हा भेद त्यांच्या मुलांच्या बाबतीत ठेवू नये. यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही, कलम 8 मधली दुरुस्ती पुरेशी आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्या घरांची संख्या थोडी नाही, आणि त्यांची मुले आता तिशी-चाळिशीत आहेत. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा आणि आपल्या भागातल्या खासदारांनी तो संसदेत मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)