पद्धतीवर शिक्का, खेळाडूला शिक्षा

नॅशनल फुटबॉल लीगचा ड्राफ्ट एप्रिलमध्ये होतो. 32 संघ महाविद्यालयीन मैदानांवरचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. सर्वांत मोठा डाव लागतो तो क्वार्टरबॅकवर, कारण आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक चेंडू त्याच्या हातून जातो. त्याआधीच्या चर्चेत एक आक्षेप हमखास निघतो : हा मुलगा मोठा नाही, त्याच्या महाविद्यालयाची आक्रमणपद्धती मोठी आहे, ती काढून घेतली तर मागे काय उरते? हा आक्षेप अर्धा खरा आहे. नुकसान झाले आहे ते उरलेल्या अर्ध्याने.

आधी त्याची बाजू पुरती मांडू. ह्यूस्टन विद्यापीठाच्या ‘रन अँड शूट’ पद्धतीत पासांचा पाऊस पडे. आंद्रे वेअरने तिथे सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूची 1989 ची हाइझमन ट्रॉफी जिंकली. त्याच्यामागून आलेल्या डेव्हिड क्लिंगलरने 1990 मध्ये एकाच सामन्यात 11 टचडाउन पास टाकले. डेट्रॉइटने वेअरला 1990 मध्ये सातव्या, तर सिनसिनाटीने क्लिंगलरला 1992 मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतले. दोघांचीही व्यावसायिक कारकीर्द उभी राहिली नाही. हॅल मम आणि माइक लीच यांच्या ‘एअर रेड’ या तशाच पासप्रधान पद्धतीमध्ये केंटकीकडून चमकलेला टिम काउच 1999 चा पहिला खेळाडू ठरला आणि क्लीव्हलँडमध्ये त्याचाही जम बसला नाही. संशयाला आधार होता, हे मान्य.

पण यातून पद्धतच दोषी ठरवायची, तर दुसरी बाजूही तपासावी लागते. व्यावसायिक धाटणीच्या आक्रमणात घडलेला मॅट लायनार्ट 2006 मध्ये दहावा आणि जामार्कस रसेल 2007 मध्ये पहिला निवडला गेला. रसेल तीन हंगामांत लीगबाहेर पडला. तेव्हा मात्र त्या धाटणीला कोणी बोल लावला नाही. एका बाजूचे अपयश पद्धतीच्या खात्यात आणि दुसऱ्या बाजूचे खेळाडूच्या खात्यात, हा न्याय नव्हे.

2005 चा ड्राफ्ट या दुटप्पीपणाचा उत्तम पुरावा आहे. तेव्हा असे बोलले जाई की प्रशिक्षक जेफ टेडफर्डच्या हाताखालचे क्वार्टरबॅक पुढे टिकत नाहीत. दाखल्याला अकीली स्मिथ, जोई हॅरिंग्टन आणि काइल बोलर होते. टेडफर्डचाच शिष्य असलेल्या ॲरन रॉजर्सला त्या दिवशी चोविसाव्या क्रमांकापर्यंत वाट पाहावी लागली. गुरुबंधूंच्या अपयशाचे ओझे त्याच्या शिरावर टाकले गेले होते. त्याने पुढे चार वेळा लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला आणि ग्रीन बेला सुपर बोल जिंकून दिला.

त्याच दिवशी पहिला निवडला गेलेला ॲलेक्स स्मिथ युटाच्या ‘स्प्रेड’, म्हणजे मैदानभर खेळाडू पसरवणाऱ्या आक्रमणातून आला होता. पहिल्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोकडून त्याचा एक टचडाउन पास आणि 11 इंटरसेप्शन! ‘स्प्रेड’वाल्यांचे हे असेच, असे म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले. पण त्याला जवळजवळ दरवर्षी नवा आक्रमण-समन्वयक मिळत होता, हे कोणी जमेस धरले नाही. 2011 मध्ये जिम हारबॉ प्रशिक्षक झाला आणि याच स्मिथसह संघाने 13 सामने जिंकले. त्याला घडवणारी महाविद्यालयीन पद्धत तीच होती. बदलले होते ते भोवतालचे.

आता समोरची चूक. पद्धतीचा विचारच नको, आकडे बोलतात, असे म्हणणारेही आहेत. त्यांनी ऑक्टोबर 2016 मधला टेक्सस टेक आणि ओक्लाहोमाचा सामना आठवावा. टेक्सस टेकच्या पॅट्रिक महोम्सने 734 यार्डांचे पास टाकले आणि संघ 66-59 असा हरला. समोरच्या बेकर मेफिल्डनेही 7 टचडाउन पास टाकले. इतक्या फुटक्या बचावांच्या सामन्यात यार्ड मोजून काय सिद्ध होणार? सपाट खेळपट्टीवरच्या शतकाचे मोल कमीच. पण त्यातलाही एखादा फटका फलंदाजाचा दर्जा सांगून जातो. महोम्सचे तसेच होते. ठरलेला डाव फसल्यावर पळता पळता, हाताचा कोन बदलून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अचूक टाकलेले पास कोणत्याही वहीत आखलेले नव्हते. यार्ड पद्धतीचे होते, ते पास त्याचे होते. कॅन्सस सिटीने हा फरक ओळखला, 2017 मध्ये सत्ताविसाव्या जागेवरून दहाव्या जागेवर येण्याची किंमत मोजली आणि पुढे त्याच्यासह तीन सुपर बोल जिंकले.

जॉश ॲलनने आकडेवाल्यांना उलट बाजूने खोटे ठरवले. वायोमिंगमध्ये त्याचे जेमतेम 56 टक्के पास पूर्ण होत. 2020 मध्ये बफेलोकडून तेच प्रमाण 69 टक्क्यांवर गेले. जो बरोचे लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) 2018 चे प्रमाण 57.8 टक्के होते. 2019 मध्ये नवे पास-आक्रमण आले आणि तेच 76.3 झाले, शिवाय 60 टचडाउन पास. मग तो पद्धतीचाच खेळाडू? ती पद्धत मागे राहिली, सिनसिनाटीत त्याच्यापुढचे कवच तकलादू होते, तरी दुसऱ्याच हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. वाटेत टेनेसीविरुद्ध त्याला 9 वेळा पाडले गेले आणि तो सामना त्याने जिंकला.

म्हणून माझे म्हणणे असे : पद्धतीकडे पुराव्याची परिस्थिती म्हणून पाहा, खेळाडूवरचा निकाल म्हणून नव्हे. तिने त्याला काय फुकट दिले ते आधी वजा करा. डाव ज्यांच्या दरम्यानच सुरू होतो त्या हॅश मार्कच्या दोन ओळींत महाविद्यालयीन मैदानावर 40 फूट अंतर असते, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा. त्यामुळे तिथे एक बाजू ऐसपैस मोकळी राहते. तिथे धावण्याचा आव आणून पास टाकताना पुढच्या फळीला तीन यार्ड पुढे जाता येते, इथे एकच; म्हणून तिथला बचाव जास्त वेळ फसतो. असे मोकळे पास बाजूला काढा. उरलेल्यांत पाहा : तिसऱ्या डाउनला पास येणार हे साऱ्यांना ठाऊक असताना तो काय करतो? पहिला रिसीव्हर अडकला की नजर दुसऱ्याकडे जाते, की पाय डगमगतात? रिसीव्हरला धाव न थांबवता चेंडू मिळतो का? दूरच्या हॅशवरून विरुद्ध कडेला पास वेळेत पोहोचतो का? या प्रश्नांची उत्तरे ‘एअर रेड’मध्येही सापडतात, शोधणाऱ्याने शंभर साधे पास ओलांडून दहा अवघड पासांपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

आणि शेवटचा प्रश्न संघांनी स्वतःला विचारावा. 2002 चा पहिला खेळाडू डेव्हिड कार नव्या कोऱ्या ह्यूस्टन संघात गेला आणि पहिल्याच हंगामात 76 वेळा पाडला गेला. हा लीगचा विक्रम आहे. त्याची कारकीर्द कोमेजली, याचे उत्तर त्याच्या महाविद्यालयात शोधणे हा पळपुटेपणा आहे. निवडणारा संघही परीक्षेला बसलेला असतो. एप्रिलमध्ये खेळाडूवर पद्धतीचा शिक्का मारणाऱ्यांनी त्याला सप्टेंबरमध्ये आपण कोणती पद्धत, किती संरक्षण आणि किती वेळ देणार आहोत, हे आधी जाहीर सांगावे.