वाळूखालचा विस्तव

डिसेंबर उजाडला की तारकर्ली-देवबागला येणाऱ्या पाहुण्यांना समुद्राइतकीच शेकोटीही हवी असते. आजवर तिच्यात चुडतं, सोडणं, करवंट्या जायच्या. आता होमस्टेवाले विचारतात, भुशाचे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या, आणल्या तर? आणा की. नीट जाळले तर धूर खरोखरच कमी. पण ‘नीट’ म्हणजे काय, ते पोत्यावर लिहिलेलं नसतं.

पेलेट महाराष्ट्राला नवे नाहीत. बीपी कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर ‘ऊर्जा’ नावाची शेगडी काढली होती. २००९ मध्ये ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आली. लाखो घरांत पोहोचली आणि पेलेट महागले तशी मागेही पडली. तिची करामत पेलेटमध्ये कमी, हवेत जास्त होती. छोटा पंखा खालून हवा द्यायचा आणि वरच्या भोकांतून येणारी हवा धुरातला वायू जाळून टाकायची. तेच पेलेट वाळूवर ढीग करून पेटवलेत तर कांड्यांमधून हवा फिरत नाही, नुसता धूर कोंदतो. म्हणून भोकं पाडलेलं, पायावर उभं राहणारं लोखंडी भांडं हवं. पेटवायचं वरून, आणि रॉकेल अजिबात नको.

खरा धोका पुढे आहे. ज्वाला उतरली म्हणून कोणीतरी निखाऱ्यांवर ओंजळभर पेलेट ओततो. आग दबते, पांढरा धूर उठतो. हा धूर म्हणजे न जळलेला वायू, तो एकदम भडकतो. वाकून बघणाऱ्याच्या भुवया गेल्या म्हणून समजा. काजूची टरफलं हाताशी आहेत म्हणून तीही टाकू नका. त्यांच्या तेलाने कातडी सोलते, धुराने डोळे चुरचुरतात. काजी भाजणाऱ्या पोरांना हे शाळेत शिकवावं लागत नाही.

वाऱ्याचंही तसंच. संध्याकाळी खारे वारे जमिनीकडे वाहतात, म्हणजे ठिणगी जाते ती सुरूच्या वाळक्या पाल्यात नाहीतर झापांच्या माटवात. रात्री मतलई वारे सुटले की दिशा उलटते. सात वाजता निवडलेली सुरक्षित जागा अकरा वाजता तशी राहीलच असं नाही.

मला सर्वांत खटकते ती मात्र आपली जुनी सवय: शेवटी वाळू लोटायची आणि जेवायला जायचं. वाळूने ज्वाला दिसेनाशी होते, विस्तव आत जिवंत राहतो. वाळू उष्णता धरून ठेवते, आणि पहाटे अनवाणी रापणीला जाणाऱ्याचा पाय नेमका तिथे पडतो. घरात म्हातारी माणसं ‘इस्तव इझलो काय बघ’ म्हणायची, ते किनाऱ्यावर कोणी म्हणत नाही. पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं. ओतताना वाफ येते, तेवढं तोंड बाजूला ठेवा. आणि थंडी आहे म्हणून उरलेले निखारे तंबूत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

होमस्टेवाले शेकोटीचे वेगळे पैसे लावतात, त्याला माझी हरकत नाही. त्यात लाकूड आणि माशाचा मसाला धरता, तशी सगळे झोपल्यावर दोन बादल्या घेऊन राख थंड होईपर्यंत थांबणाऱ्या माणसाची मजुरीही धरा.